सावडीचा राहिलेला दिवस

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्याकडे नवा आंबेमोहोर येतो. नवा तांदूळ लगेच शिजवू नये, गिचका होतो, वर्षभर मुरू द्यावा, असं शहाणी माणसं सांगतात आणि चारचौघींत मीही मान डोलावते. पण त्यातला पहिला शेरभर मी दर वर्षी शिजवतेच. गिचका तर गिचका! झाकण काढलं की वाफ वर येते आणि मला माझ्या स्वयंपाकघराच्या भिंती दिसेनाशा होतात. धुकं दिसतं. धुक्यात कमरेइतकं पिवळं भात, त्यात वाकलेल्या पाठी, आणि कुठूनतरी एका बाईचा आवाज, "मूठ दाबून धर गं पोरी, फुलं वेचतीस का काय?" मग खालून करपल्याचा वास येतो. दर वर्षी येतो. सूनबाई आताशा सरळ पातेलं भिजत टाकते.

यंदा त्या वाफेत अंजू येऊन उभी राहिली. अंजू माझी नात, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. हातात एक छापील फॉर्म. कुठल्याशा सेवाभावी संस्थेचं दोन दिवसांचं शिबिर आहे म्हणे, मुळशीकडे, भाताच्या कापणीला मदत करायला. फॉर्मात सगळं भरून झालं होतं, एकच रकाना अडला होता: "आमच्यासोबत काम का करावेसे वाटते? पाच ओळींत लिहा." तिनं आधी 'समाजाचे ऋण' असं काहीतरी लिहून ते खोडलं होतं. मग 'देशासाठी' लिहून तेही खोडलं होतं.

"आजी, तू जन्मभर हेच केलंस ना? सांग की काय लिहू."

मी चष्मा लावून कागद वाचला. खाली सूचना होत्या. टोपी आणावी, पाण्याची बाटली आणावी. आणि शेवटची: "स्वतःचा डबा आणावा. ग्रामस्थांवर भार टाकू नये." ती वाचून मला हसू आलं. अगं बाई, पन्नास वर्षं झाली आणि तीच चूक अजून छापून निघतेय!

आमच्या वेळी ती छापलेली नव्हती, गोपूमामानं तोंडी सांगितली होती. गोपूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. शाळामास्तर, अंगात खादी, पायात करकरणाऱ्या वहाणा, आणि बोलायला लागला की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणून मगच थांबायचा. मुळशी खोऱ्यात धरणाचं काम चालू होतं. जमिनी जाणार होत्या. मावळातली माणसं कामावर आडवी पडत होती आणि तुरुंगात जात होती. त्यांची भातं पिकून उभी होती नि कापायला हात नव्हते. मामानं पुण्यातून बारा तरुण गोळा केले, त्यात आम्ही तीन मुली. पौडला पोचलो तेव्हा मामा एका धोंड्यावर उभा राहून म्हणाला, "आपण सेवक आहोत. या गरिबांच्या घरचा एक दाणाही आपल्या पोटात जाता कामा नये." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. पाठीवरच्या पिशव्यांत दशम्या होत्या, पोहे होते, दिवाळीचे उरलेले लाडू होते. त्यागाला काय हो, लाडू जवळ असले की त्याग सोपा जातो.

कशासाठी गेलो होतो आम्ही? त्या बाराजणांची तोंडं अजून दिसतात. एकाला तुरुंगात जायचंच होतं, कारण त्याचा मोठा भाऊ जाऊन आला होता आणि घरात त्याचाच उदोउदो चालायचा. एक परीक्षेत दोनदा गचकला होता. एक खरोखरच साधा होता, भाषण ऐकून रडला आणि तसाच निघाला. एकाचं कारण आम्हा तिघींपैकी एक होती, आणि ते त्या दोघांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मी? मी पळून आले होते. घरातून नव्हे, तेवढी कुठली हिंमत! मी एका रविवारापासून पळत होते. तुळशीचं लग्न लागलं की पुढच्या रविवारी मला बघायला येणार होते. मुलगा बिजवर, खानदेशात नोकरीला. मी अठरा वर्षांची घोडी झाले होते आणि इंग्रजी सहावीतून मला काढून घरी बसवलं होतं. मला शाळेत परत जायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला एवढंच वाटत होतं, "उन्हात रापून येईल कार्टी, मग पाहुण्यांना दाखवू काय?" ते ऐकल्यावर तर मी दुप्पट उत्साहानं निघाले.

म्हणून सांगते, अंजूच्या त्या रकान्यात खरं लिहायचं झालं तर माणसं काय काय लिहितील! शुद्ध हेतूचा माणूस मी सेवेत अजून पाहिलेला नाही. कुणी कशापासून तरी दूर जायला येतो, कुणी कुणाच्या तरी जवळ यायला. हेतू आपण घरून नेत नाही. नेलाच तर तो दुसऱ्या दिवशी दुपारी गळून पडतो. मग जो राहतो, तो तिथं सापडलेला असतो.

गावाचं नाव सांगून आता उपयोग नाही, ते पाण्याखाली आहे. पण पहाटेचं ते खोरं मी आत्ता डोळे मिटले तरी चालून येईन. डोंगराच्या कुशीतून पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भाताची खाचरं, प्रत्येकाला मातीचा बांध, बांधावर तेरड्याची वाळलेली काटकं. ऊन वर येईपर्यंत सगळं दुधात बुडवल्यासारखं. पाय टाकला की दव पोटऱ्यांपर्यंत. आणि वास! पिकलेल्या आंबेमोहोराचा वास मोहराचा असतो हे पुस्तकात वाचलं होतं. आभाळाखाली उभ्या भातातून तो अंगावर आला तेव्हा मला कारण नसताना रडू आलं. मधूनच खोऱ्याच्या खालच्या अंगाला सुरुंग उडायचा, दुम्म. बगळे उठायचे, एक फेरी मारून परत बसायचे. माणसं मानही वर करत नव्हती.

आम्हाला नेमून दिलं होतं बायजाबाईचं शेत. चार खाचरं. बायजाबाई असेल पस्तिशीची, काटक, उंच, कपाळावर कोरड्या कुंकवाचा मोठा टिळा. धनी येरवड्याला, तुरुंगात. उजव्या तळव्यावर हळदीची चिंधी घट्ट बांधलेली, विळा लागून हात पार उकलला होता. त्या हातानं तिला मूठभरही कापता येत नव्हतं. दाणा झडायला लागला होता. वर आभाळही रोज दुपारी काळवंडत होतं. आणि हे तिचं शेवटचं पीक होतं. पुढच्या पावसाळ्यात तिथं पाणी चढणार. हे घरात आलं तर वर्षाचं पोट आणि नव्या जागी पेरायला बी. नाही आलं तर उठून जायचं ते रिकाम्या हातानं.

गावात माणसं नव्हती असं नाही. पण मावळात कामं चालतात ती सावडीनं. आज तू माझ्या शेतात राबायचंस, उद्या मी तुझ्या. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. पैशाचा संबंध नाही. बायजाबाईचा हात बांधलेला, धनी आत. फेडायला दिवस कुठून आणणार? म्हणून ती कुणाच्या दारात गेलीच नव्हती. आपलं पीक झडताना बघत बांधावर बसून होती.

तिथं आम्ही गेलो, बाराजण, लाडवांसह.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही जे काही केलं त्याला कापणी म्हणायचं धाडस मी करणार नाही. कुणी विळा दांड्यासारखा फिरवला, कुणी स्वतःचं बोट कापलं. तरी अर्धं खाचर आडवं झालं. बायजाबाई बांधावरून सांगत होती, हसत होती, "आरं ती मूठ हाय, शेंडी न्हवं! हळू!" आणि मग ऊन डोक्यावर आलं तशी ती घराकडे गेली आणि डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत तांदळाच्या भाकरी, कुळथाचं पिठलं, आणि झाकलेल्या टोपात आंबेमोहोराचा वाफाळता भात. तिच्याबरोबर आलेली शेजारची म्हातारी कौतुकानं म्हणाली, "सुकटीचं भांडंबी लांब ठिवलंय हो. तुमी बामनाची पोरं."

हे सांगायलाच हवं की तिथं आंबेमोहोर पिकवणाऱ्यांच्या घरात आंबेमोहोर शिजत नसे. तो डोक्यावरून पुण्याला जायचा, आमच्या ताटांत. ती खायची नाचणी. सणाच्या दिवशी काय होईल तेवढा भात. त्या दिवशी तिनं आमच्यासाठी सण केला होता.

मामा उठला, हात जोडून म्हणाला, "बाई, आम्ही सेवेला आलो आहोत. तुमच्याकडचं काही घेणार नाही. आमचं आम्ही आणलं आहे." आणि आम्ही सगळ्यांनी, बाराच्या बाराजणांनी, पिशव्या सोडल्या.

बायजाबाई पाटी धरून तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला आणि माझ्या हातातला लाडू मला जड झाला. पण मी तो खाल्ला. खोटं कशाला बोलू, मामाचं तत्त्व होतं हे खरं, पण माझ्या मनात त्या तत्त्वाखाली आईचा आवाज दडलेला होता, 'त्यांच्या हातचं खाऊ नको हो.' आणखीही काहींच्या मनात असणार. तत्त्वाचं पांघरूण फार मोठं असतं, त्याखाली काय काय झाकलं जातं.

आमचं आटोपल्यावर ती शेतात उतरली. तिनं एकेकाच्या हातातून विळा काढून घेतला, पदरात गोळा केला.

"बाई, हे काय?" मामा गडबडला. "अजून साडेतीन खाचरं बाकी आहेत."

"असू द्या."

"दाणा झडतोय की! आम्ही काही मागत नाही तुमच्याकडं. फुकट करतोय."

"त्येच की," ती म्हणाली. "फुकाट कुनी हात लावावा एवढी मी कंगाल झाले न्हाई. धनी आत हायेत, मेले न्हाईत. ज्याला माजी भाकर चालत न्हाई, त्यानं माज्या रानात वाकायचं न्हाई. जावा तुमी."

आणि पाटी डोक्यावर घेऊन ती चालू लागली. मामा म्हणाला, "अडाणी आहेत बिचारे, समजत नाही त्यांना." संध्याकाळपर्यंत आम्ही देवळाच्या ओट्यावर बसून देशभक्तीची गाणी म्हणत होतो. समोर तिचं भात उभं होतं आणि वर ढग येत होते. अर्धं खाचर कापून आम्ही एका बाईची अब्रू घेतली होती आणि आम्हाला ते कळलंही नव्हतं. आजही कुणी माझा सत्कार करायला हार घेऊन येतं ना, तेव्हा मला तो ओटा आठवतो आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटीच तिच्या दाराशी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, क्षमा वगैरे. ती चुलीपुढे डाव्या हातानं भाकरी थापायची खटपट करत होती. भाकरी वाकडीतिकडी होत होती. तिनं वर पाहिलं आणि माझं सगळं पाठांतर गेलं.

"बायजाबाई," मी म्हणाले, "भूक लागलीय."

तिनं थापणं थांबवलं. मग तव्यावरची भाकरी काढली, मोडली, वर लसणीचं तिखट घातलं आणि पुढे केली. नाचणीची, काळी, गरम. पहिला घास मला गिळवेना. आई आठवली, सोवळं आठवलं, सगळे पूर्वज दाटीवाटीनं येऊन उभे राहिले. दुसरा घास गेला. तिसऱ्याला मला चव कळली. चौथ्याला मी दुसरी भाकरी मागितली.

"खा," ती म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं. "काल लई रडीवलंत गं तुमी मला."

"आता विळा द्याल?"

"दीन. पर आदी सांग, तुजं श्यात कुटं हाय?"

"माझं? माझं कुठलं शेत!"

"मग मी सावड कुटं फेडू?"

मी म्हणाले, फेडायची कशाला, आम्ही काय... आणि थांबले, कारण तिच्या कपाळाला आठी पडली होती. "ह्ये बघ पोरी. माजा हात बरा हुईल पंदरा दिसांत. तुज्या घरचं काय बी काम सांग. दळान, कांडान, धुनं, जमीन सारवाया. कायतरी आसंलच की तुला नडलेलं."

आणि काय झालं कोण जाणे, जे मी आईला सांगितलं नव्हतं, मैत्रिणींना सांगितलं नव्हतं, ते त्या चुलीपाशी बसून त्या बाईला सांगून टाकलं. तो रविवार, तो बिजवर, ती सोडायला लावलेली शाळा. "त्या दिवशी माझ्या बाजूनं घरात कुणी नाही हो, बायजाबाई. एकटी पडते, मग तोंडातून शब्दच फुटत नाही."

ती ऐकत होती. भाकरी करपली. "आयतवार व्हय?" तिनं विचारलं. "आन् घर कुटं?"

"पुण्यात, शनिवार पेठेत. पिंपळाच्या पाराला लागून."

"बरं," ती म्हणाली, आणि विळा माझ्या हातात दिला.

पुढचे चार दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे तुकडे येतात, झोपेतून जागं होताना येतात तसे. भाताच्या पात्यानं मनगटावर उठलेल्या बारीक लाल रेघा. पाठ मोडली असं वाटून सरळ उभं राहावं तर समोर डोंगर असा निळा की पुन्हा वाकायचं विसरावं. कापलेल्या भाताच्या ओळी उन्हात वाळत पडलेल्या. भारे डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना मानेत उतरणारा तो हलता, सळसळता भार. खळ्यावर दगडावर पेंढी आपटली की दाण्यांचा पाऊस. दुपारी सगळ्यांनी गोल बसून खाल्लेली भाकरी, कारण पहिल्या दिवशी माझ्याबरोबर दोघंच आले, मग पाच, मग सगळे. शेवटी मामाही आला. म्हणाला, "मला फक्त मीठ-भाकरी द्या." बायजाबाईनं त्याला सगळं वाढलं. आम्ही जेवलेलं बघून गावातल्याही चार बायका विळे घेऊन उतरल्या. त्यांची सावड ती हात बरा झाल्यावर फेडणार होती, ते त्यांचं त्यांचं ठरलं.

एकदा मी तिला विचारलं, "बायजाबाई, शेत तर बुडणारच. मग कडेचं ते पसाभर भातसुद्धा एवढं निगुतीनं का कापताय?"

"पिकल्यालं उबं टाकून जात्यात व्हय?" ती म्हणाली. "रान काय म्हनंल?"

चौथ्या दिवशी दुपारी शेवटची पेंढी झोडून झाली. ढग आले, चार थेंब टाकून डोंगरापलीकडे निघून गेले. पोती घरात होती. ती रिकाम्या खाचरात उतरली, मूठभर माती उचलली, वास घेतला आणि परत टाकली. मला वाटलं बांधून घेईल पदरात. घेतली नाही.

पुण्याला आल्यावर आईनं माझं तोंड बघून कपाळाला हात लावला. दूध, हळद, डाळीचं पीठ, काय काय चोळलं. तोंड थोडं निवळलं, पण हातांवरच्या रेघा जाईनात. तुळशीचं लग्न लागलं. रविवार आला. मावळ स्वप्नात पाहिल्यासारखं झालं होतं आणि बायजाबाईचं ते 'बरं' मी मनातून सोडून दिलं होतं. कोण कशाला येतंय!

सकाळी अण्णा, माझे वडील, अंगणात आले तर पाच बायका भिंतीला टेकून बसलेल्या. कासोटे घातलेल्या, पायांवर धूळ, मधोमध एक तांदळाचं गाठोडं. पौडला वस्ती करून चालत आल्या होत्या.

"तांदूळ विकायचाय का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई जी. सावडीला आलोय."

"कसल्या?"

"पोरीच्या. काय काम असंल त्ये ती सांगंल. तवर बसतो हितं."

अण्णा कोर्टात कारकून होते, जगातल्या सगळ्या अर्जांना त्यांच्याकडे उत्तर होतं. हा अर्ज मात्र त्यांनी तहकूब ठेवला. ते आत आले. तेवढ्यात पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, एक काका. बैठकीत गालिचा, तक्क्या. आईनं माझ्या हातात पोह्यांच्या बशांचं तबक दिलं आणि पदर सारखा केला.

मी बैठकीच्या दारापर्यंत गेले. डाव्या हाताला बैठक, समोर उघड्या दारातून अंगण. बायजाबाई माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, काही खुणावत नव्हती, नुसती बघत होती. आणि मला ती पाटी आठवली, टोपातला वाफाळता भात आठवला. सावडीला आलेल्या माणसाला आधी जेवू घालायचं असतं.

मी सरळ चालत गेले. अंगणात उतरले, तबक त्यांच्यापुढे ठेवलं, घरातल्या पितळी बशांत, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. माझी बशी मांडीवर घेतली. मागं आईचा "अगं!" ऐकू आला. आम्ही सहाजणी पोहे खात होतो. "ग्वाड हाय की," त्यातली एक म्हणाली. मला एवढं हसू आलं की ठसका लागला.

मुलाची आई दारात येऊन उभी राहिली. "कोण ह्या?"

"माझी माणसं," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातांवरच्या रेघा पाहिल्या, बशा पाहिल्या. "मुलगी फारच सेवाभावी दिसते," एवढं म्हणून ती वळली. पाहुणे चहा न घेताच गेले.

अण्णा पायरी उतरून आले. ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. ते बायजाबाईला म्हणाले, "झालं का तुमचं काम?"

"काम काय हाय त्ये पोरीनं आजून सांगितलंच न्हाई जी."

अण्णा माझ्याकडे वळले. "काय काम होतं गं यांच्याकडं?"

मी उठून उभी राहिले. मागे पाच जणी बसलेल्या होत्या, त्यांच्या अंगाला येणारा नव्या भाताचा वास मला येत होता. "अण्णा, मला शाळेत परत जायचंय."

"एवढंच?" अण्णा म्हणाले. "एवढं सांगायला पाच बायका आणल्यास तीस मैलांवरून? तुला तोंड नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणाले.

ते आत गेले. महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. जूनमध्ये मात्र स्वतः बरोबर येऊन शाळेत नाव घातलं.

त्या निघाल्या तेव्हा मी पारापर्यंत पोचवायला गेले. बायजाबाईनं बोटांवर मोजलं. "त्यो पयला अर्दा दिस मी धरत न्हाई, माज्या भाकरीबिगर राबलात त्यो. त्येच्याम्होरं तू चार दिस वाकलीस. आज आमी पाच जनी एक दिस. पाच झालं. म्हंजी एक दिस तुज्यावर जादा आला."

"मग मी येते की! सांगा कधी."

"नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे त्यो. सावड कदी पुरी फेडू न्हाई. फिटली की येनंजानं सरतं." आणि माझ्या हनुवटीला हात लावून तोंडाशी नेला. बरा झालेला तो हात खरखरीत, मधोमध जाड वण.

मी ट्रेनिंग पुरं करून नोकरीला लागले आणि पहिल्या सुट्टीत तिकडे गेले. जिथून गाव दिसायचं त्या खिंडीत उभी राहिले. खाली पाणी होतं. शांत, चकचकीत, वर ढगांच्या सावल्या. इतकं सुंदर की राग यावा. बायजाबाई कुठं गेली? कुणी म्हणालं धन्याबरोबर मुंबईला, कुणी म्हणालं घाटाखाली. मी पुष्कळ विचारलं. सापडली नाही. त्या पाण्याकडे बघताना मला तिचाच प्रश्न आठवला: तुझं शेत कुठं? सावड कुठं फेडू?

मग मी ती जमेल तिथं फेडत गेले. साथीच्या वेळी, पुराच्या वेळी, वस्तीतल्या बायकांना अक्षरं शिकवताना. लोक म्हणायचे, बाईंची केवढी समाजसेवा! सेवा कसली डोंबलाची, माझ्यावर एक दिवस आहे. तो एकाच बाईचा आहे आणि ती भेटत नाही, म्हणून मी जो समोर येईल त्याच्याकडे वाकते. आणि दर वेळी जेवून आले, दर वेळी नवं काहीतरी अंगावर घेऊन आले, म्हणून तो अजून फिटलेला नाही. तरुण पोरं कशानं येतात या कामाला, असं मला सभांत विचारतात. कशानंही येऊ देत. परत कशानं येतात ते विचारा.

हे सगळं अंजूला सांगून होईपर्यंत भात पार करपला होता. मग तिनं पेन उचललं आणि त्या रकान्यात पाच ओळींच्या जागी एकच लिहिली: "माझ्या आजीचा एक दिवस द्यायचा राहिला आहे."

"त्यांना कळेल का गं हे?" तिनं विचारलं.

"कार्यालयात नाही कळणार. तिथं गावात कळेल."

आज पहाटे ती निघाली. टोपी, बाटली, सगळं सूचनेप्रमाणे. सूनबाईनं डबा भरून दिला होता, पोळी-भाजी, वर एक लाडू. ती वहाणा घालत होती तेवढ्यात मी तिच्या पिशवीतून तो डबा काढून घेतला.

"आजी! अगं मी उपाशी राहीन!"

"नाही राहणार," मी म्हणाले. "दुपारी कुणीतरी बाई पाटी घेऊन येईल."